मा. सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : मशीन हलवण्याआधी किडनीच्या रुग्णाचा रस्ता मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत : मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले आमदार-खासदार

महोदय, स.न.वि.वि.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसच्या पाच मशीन आल्या. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. त्यानंतर खोलीला कुलूप लागलं ते आजपर्यंत निघालेलं नाही. आधी कळलं की तंत्रज्ञ मिळत नाही. मग पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्राचं काम राहिलंय. मग पाण्याचं कनेक्शन. आता असं ऐकतो की "वापर होत नाही" या शेऱ्यावर त्या मशीन शहरातल्या रुग्णालयात हलवायचं ठरलंय. कुलूप कुणी लावलं त्याचा शेरा कुठल्या फाईलवर आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. माझी पत्नी डायलिसिसवर आहे. आमच्या आसपासच्या गावांतले आणखी काही रुग्ण आम्ही एकाच जीपनं जातो-येतो, म्हणून हे पत्र एकट्या माझ्या घराचं नाही. ती जीप जाताना आणि येताना त्याच कुलूपबंद खोलीसमोरून जाते.

तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की डायलिसिस फुकट आहे. ते खोटं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं, प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात बसतं. मशीनवर घेतल्याचे पैसे आमच्याकडून घेत नाहीत आणि त्याबद्दल सरकारचे उपकार मानतो. योजना नसती तर आमच्यातले निम्मे लोक आज नसते. पण त्या मशीनपर्यंत माणूस पोचवायला काय पडतं, याचा हिशोब एकदा मांडू द्या.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. वर्षाला १५६ खेपा. केंद्र साठ किलोमीटरवर धरलं तर वर्षाचा प्रवास साडेअठरा हजार किलोमीटरच्या वर जातो. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही. मशीनवरून उतरल्यावर बीपी पडतं, पायात गोळे येतात, कधी उलटी होते. सोबत माणूस लागतोच, म्हणजे त्याचाही दिवस गेला. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. १५६ दिवसांचे ४८,६७२ रुपये होतात. ही फक्त सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, तीही सरकारच्याच दरानं. रुग्णाची मजुरी यात धरलेलीच नाही, कारण माझी बायको आता कामालाच जात नाही. जीपचं भाडं, दोघांचं खाणं, घरी लेकरांना आणि जनावरांना पाहणाऱ्याचे उपकार, हे सगळं निराळं.

ही गोष्ट सरकारला माहीत नाही असंही म्हणता येत नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात हा कार्यक्रम जाहीर करताना अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितलं होतं की देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात, डायलिसिसची केंद्रं मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत, एका डायलिसिसला दोन हजार आणि वर्षाला तीन लाखांवर खर्च येतो, आणि लांबच्या प्रवासात लोकांचे पैसे आणि मजुरी जाते. प्रवास आणि मजुरी हे दोन्ही शब्द त्या भाषणात आहेत. योजना आली तेव्हा दोन हजारांची सोय झाली, प्रवास-मजुरी भाषणातच राहिली.

याचा परिणाम असा की लोक खेप गाळतात. तीनाच्या दोन करतात. पेरणीत, काढणीत, पोरीच्या लग्नाच्या हप्त्यात एकच करतात. मग अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, रात्री आडवं झोपता येत नाही, उशा लावून बसून रात्र काढावी लागते. आमच्या जीपमधली एक म्हातारी आई पावसाळ्यात ओढ्याला पूर आला म्हणून दोन खेपा चुकली. तिसऱ्या खेपेला तिची जागा रिकामी होती. डेथ सर्टिफिकेटवर हृदयविकार लिहिलंय. ओढा लिहायला रकाना नसतो.

पाण्याचं कारण सांगतात त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात पाणी म्हटलं की समोरचा माणूस गप्प बसतो आणि अधिकाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध पाणी फिरतं. चार तासांचे १२० लिटर. पाच मशीनवर दिवसात दहा रुग्ण घेतले तर बाराशे लिटर. आरओतून तेवढं काढायला कच्चं पाणी दुप्पट-तिप्पट धरा, तीन-साडेतीन हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर जवळपास तीन दिवस पुरतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते आम्ही विसरलेलो नाही. ज्या राज्याला शहरासाठी पाण्याची गाडी लावता येते, त्याला तालुक्याच्या रुग्णालयात तीन दिवसांआड एक टँकर जमत नाही? आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर फिरतच असतात. एक त्या दारात थांबवायचा.

पाणी शुद्ध आहे की नाही हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. ते पाणी रुग्णाच्या रक्ताला एका पातळ पडद्याआडून लागतं. आरओ नीट नसेल तर थंडी वाजून ताप भरतो. एका केंद्रात आम्ही विचारलं की पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, तर "तुम्हाला काय करायचंय" असं उत्तर मिळालं. वीज गेली आणि जनरेटर लवकर चालू झाला नाही तेव्हा मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञ मुलानं हातानं पंप फिरवून रक्त परत अंगात घातल्याचंही आम्ही पाहिलंय. तो मुलगा हुशार होता म्हणून निभावलं. त्याला कंत्राटदाराकडून पगार वेळेवर मिळत नव्हता, पुढं तो सोडून गेला.

मशीन आहे, डॉक्टर नाही, हे दुसरं दुखणं. किडनीचा तज्ज्ञ दाखवायचा तर संभाजीनगर, नांदेड, लातूर अशी मोजकी ठिकाणं, नाहीतर पुणे, सोलापूर, हैदराबाद. किनवट-माहूरच्या माणसाला नांदेडच शंभर किलोमीटरच्या पलीकडं. संभाजीनगरचं घाटी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून आहे. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय तर खेड्यापाड्यासाठी म्हणूनच निघालं. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथंही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली, म्हणजे आता आठही जिल्ह्यांत झाली. या आठ कॉलेजांतून महिन्यातून एकदा किडनीचा डॉक्टर तालुक्याला येऊ शकत नाही का? निदान मोबाईलवर तरी? आमचे रिपोर्ट चार तास मशीनचा आवाज ऐकत पिशवीतच पडून असतात.

तज्ज्ञ नसल्यानं काय होतं ते सांगतो. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करावा लागतो, म्हणजे शीर आणि धमनी जोडायची छोटी शस्त्रक्रिया. ती तयार व्हायला काही हप्ते लागतात, म्हणून आधीच करून ठेवायची असते. आमच्याकडं रुग्ण पोचतो तोच दम लागलेल्या अवस्थेत, मग मानेत नळी घालतात. नळी तात्पुरती, पण फिस्टुला करणारा सर्जन जवळ नाही म्हणून ती महिनोन्‌महिने राहते, आणि तिथून जंतू रक्तात जातात. माझ्या बायकोला त्या नळीमुळं दोनदा दवाखान्यात राहावं लागलं. पुढं फिस्टुला झाला, तर त्या हातानं वजन उचलायचं नाही, बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, हे कुणी नीट सांगितलंच नाही. डोंगरातल्या बाईनं हंडा कोणत्या हातानं उचलायचा हे तिनंच ठरवलं.

खाण्याचंही तसंच. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. शहाळं आणतो, जालन्याची मोसंबी आणतो. किडनीच्या रुग्णाला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. आणि बेचाळीस डिग्रीच्या उन्हात पाणी मोजून प्यायचं. आहार सांगणारं माणूस आम्हाला कुठल्याच केंद्रात भेटलं नाही. एक छापील कागद मिळाला, त्यात ऑलिव्ह ऑइल वापरा असं होतं.

रक्त वाढायचं इंजेक्शन, लोहाचं इंजेक्शन, तपासण्या यांची चिठ्ठी बऱ्याचदा बाहेरची मिळते. "स्टॉक संपलाय." योजनेच्या कागदावर सगळं मोफत असताना मेडिकलवर दर महिन्याला काही हजार जातात. यावर जास्त लिहीत नाही, हे तुमच्या खात्याला आमच्याहून चांगलं माहीत आहे.

आता कागदपत्रांकडं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आले, ते योग्यच झालं. किडनी निकामी झालेला माणूस त्यात नाही, म्हणून दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड नाही, पेन्शन नाही. संजय गांधी निराधार योजनेत जावं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. वर मांडलेली सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरीच याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे जेवढी मजुरी बुडते तेवढीच एखाद्या घराची कमाई असली तरी ते निराधार ठरत नाही! एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे, चांगलं आहे. पण भल्या पहाटेच्या पाळीला पोचायचं तर त्या वेळी वाडीवरून बस नसते, आणि सोबतच्याला तिकीट पडतं.

शेजारी काय चाललंय तेही बघा. तेलंगणानं २०२२ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांना आसरा पेन्शनमध्ये घेतलं, महिन्याला २,०१६ रुपये. आंध्रानं त्याआधीच महिन्याला दहा हजार द्यायला सुरुवात केली होती. श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात किडनीचा आजार पसरला तेव्हा तिथल्या सरकारनं पलासाला दोनशे खाटांचं खास रुग्णालय बांधलं, २०२३ च्या डिसेंबरात ते सुरूही झालं. धर्माबाद-बिलोली पट्ट्यातली गावं मधूनच "आम्हाला तेलंगणात घाला" म्हणून ठराव का करतात, याचं मुंबईत नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही.

प्रत्यारोपणाची वाट तर आणखी अरुंद. योजनेत त्यासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, ते चांगलं झालं. पण दाता शोधणं, तपासण्या, शहरात खोली करून महिनोन्‌महिने राहणं, आणि नंतर जन्मभराच्या गोळ्या कुणी धरायच्या? मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायचं तर प्रत्यारोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयातच नोंद करावी लागते, आणि फोन आला की काही तासांत तिथं हजर व्हावं लागतं. डोंगरातल्या माणसानं मध्यरात्री हे कसं करायचं? आणखी एक गोष्ट, जी पुरुषांना बोलायला जड जाते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आमच्या जीपमध्ये नवऱ्याला किडनी द्यायला निघालेल्या बायका मी पाहिल्या. बायकोसाठी निघालेला नवरा अजून दिसायचाय. माझी तयारी होती, तपासणीत माझंच बीपी निघालं आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. सासूबाई वयानं बसत नाहीत. विषय तिथंच थांबला.

हा आजार इथं येतो कुठून, हेही तुमच्या खात्यानं विचारायला हवं. शुगर आणि बीपी ही मोठी कारणं, ती सगळीकडं आहेत. आमच्या भागात त्यात ऊसतोडीची भर आहे असा माझा संशय आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघतो, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. पाच-सहा महिने पहाटेपासून फड, डोक्यावर मोळी, पाणी कमी, आणि अंग दुखलं की दुकानातून दुखणं मारायची गोळी. गावात आलं की दुखण्याची सुई. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, खाडा केला तर मुकादम कापून घेतो, म्हणून गोळी खाऊन उभं राहायचं. या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीला मार बसतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुणपणीच जायला लागल्या, तेव्हा जगभरच्या संशोधकांनी तिथं अभ्यास केले, आणि उन्हातलं कष्टाचं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं याकडं प्रमुख कारण म्हणून बोट दाखवलं. आमच्याकडं कुणी नीट मोजलंय का? २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला तेव्हा समिती तरी नेमली गेली. किडनी दिसत नाही, दुखतही नाही, निम्म्याहून जास्त खराब होईपर्यंत कळत नाही. तिच्यासाठी कोण गाजवणार?

आणि कळण्यासाठी लागतं काय? रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन साध्या तपासण्या. तिशीनंतरच्या माणसांची बीपी-शुगर बघायला आशाताई घरोघर येतात. ज्यांचं बीपी-शुगर जास्त निघतं त्यांचं या दोन तपासण्यांसाठी रक्त-लघवी पुढं पाठवलं, तर कित्येकांचं डायलिसिस काही वर्षं लांबवता येईल, काहींचं टळेल. माझ्या बायकोचं बीपी कधीपासून वाढलेलं होतं ते आम्हाला कळलं तेव्हा क्रिएटिनिन नऊ होतं, म्हणजे किडन्या जवळपास गेलेल्या होत्या.

मागण्या अशा :

१. आमच्या तालुक्याच्या मशीन हलवू नका. तंत्रज्ञ, आरओ आणि पाणी यांची तारीख लेखी द्या आणि ती रुग्णालयाच्या दारावर लावा. मराठवाड्यातल्या कुठल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात मशीन बंद पडून आहेत त्याची यादी जाहीर करा.

२. डायलिसिसच्या प्रत्येक खेपेमागं रुग्णाला प्रवासखर्च आणि सोबतच्या माणसाला रोजगार हमीच्या दरानं भत्ता थेट बँक खात्यात द्या. योजनेत प्रत्येक खेपेची नोंद होतेच, वेगळा कागद मागू नका. एसटीची सवलत सोबतच्या एका माणसालाही लागू करा.

३. आठ वैद्यकीय महाविद्यालयांना तालुके वाटून द्या. महिन्यातून एक ठरलेला दिवस किडनीचा डॉक्टर, तीन महिन्यांतून एकदा फिस्टुलाचं शिबिर.

४. रक्तवाढीचं आणि लोहाचं इंजेक्शन केंद्रातच मिळालं पाहिजे. पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला भिंतीवर, मराठीत.

५. पोटातून घरच्या घरी करायच्या डायलिसिसचा केंद्रानं २०१९ मध्येच कार्यक्रमात समावेश केला. दिवसातून तीन-चार वेळा द्रावणाची पिशवी बदलायची, मशीन नको, जीप नको. सगळ्यांना जमणार नाही, घर स्वच्छ लागतं, शिकवावं लागतं. पण लांबच्या वाड्या-तांड्यांवरच्या निवडक रुग्णांना ते देऊन तरी बघा. प्रत्यारोपण झालेल्यांना जन्मभराच्या गोळ्या जिल्हा रुग्णालयातून मोफत द्या.

६. संजय गांधी योजनेत डायलिसिसच्या रुग्णाला उत्पन्नाची अट काढून घ्या. दिव्यांगांच्या यादीत समावेशासाठी केंद्राकडं शिफारस करा.

७. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मजुराचं बीपी, शुगर, क्रिएटिनिन आणि लघवी जाताना आणि आल्यावर तपासा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, त्यांच्याकडं नोंदी आहेत. फडावर पिण्याचं पाणी आणि सावली ही कारखान्याची जबाबदारी ठरवा.

यातल्या काही मागण्यांना पैसा लागेल, काहींना कायदा बदलावा लागेल, वेळ जाईल, हे कळतं. पहिल्या मागणीला एक किल्ली आणि दोन तंत्रज्ञ लागतात. सातव्या मागणीला इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयत्याच्या गाड्या भरायला लागतील, त्याआधी गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आदेश निघू शकतो. तो निघाला की नाही ते आम्ही आमच्या केंद्रात जाऊन विचारू, आणि मिळेल ते उत्तर असंच जाहीरपणे लिहू.

आपला,
बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला एक शेतकरी, डायलिसिसवरच्या रुग्णाचा नवरा